वॅटचा आकडा आणि घरातला आवाज

एखाद्या वस्तूचा गुण एकाच आकड्यात सांगता आला की विक्रेत्याचे निम्मे काम होते. आकडा समजण्यास सोपा, तुलनेस सोयीचा आणि पेटीवर मोठ्या टायपात छापण्याजोगा असला, म्हणजे ग्राहक त्याच्या पलीकडे पाहत नाही. स्वयंपाकघरातील मिक्सर पाचशे वॅटचा की साडेसातशे वॅटचा, असे आपण दुकानात विचारतो. वस्तुतः तो आकडा यंत्र वीज किती खाते एवढेच सांगतो, चटणी किती बारीक वाटली जाईल हे सांगत नाही. घरी गाणे ऐकण्याच्या साधनांच्या बाजारात तर या वॅटने कित्येक दशके एकछत्री राज्य केले आहे. जास्त वॅटचा तो चांगला ॲम्प्लिफायर, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की, आठ किंवा दहा वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा असे कोणी म्हटले तर ऐकणारा त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहतो.

हा विषय आता काढण्याचे कारण असे की, एके काळी अडगळीत गेलेले व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर गेल्या काही वर्षांत पुन्हा विक्रीस येऊ लागले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग गोळा करून ते घरी जुळवणारे हौशी तरुण आहेत आणि तयार परदेशी संच घरपोच मागवणारे नोकरदारही आहेत. यांतील बहुतेक संच कमी शक्तीचे असतात. त्यांची निवड करताना दोन टोकांच्या चुका होताना दिसतात. एक वर्ग वॅटचा आकडा पाहूनच ते नाकारतो. दुसरा वर्ग काचेच्या नळ्यांतील तांबूस उजेडावर भाळून ते घेतो आणि घरातील कोणत्याही स्पीकरला जोडून टाकतो. दोघांचाही गैरसमज मुळात एकच आहे. ॲम्प्लिफायर ही स्वतंत्र वस्तू आहे, असे ते दोघेही धरून चालतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात आम्ही विद्यार्थ्यांना पूरक वस्तू शिकवताना पेन आणि शाईचे उदाहरण देतो. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांचे नाते त्याहूनही घट्ट आहे. शाई कोणत्याही पेनात थोडीफार चालते. पण चुकीच्या स्पीकरला जोडलेला चांगला ॲम्प्लिफायर हा चांगला ॲम्प्लिफायर उरतच नाही.

आठ-दहा वॅट म्हणजे खरोखरच इतके थोडे आहे काय? ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, अशा वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. त्या रेडिओत शेवटी बहुधा शक्तीचा एकच व्हॉल्व्ह असे आणि त्यातून तीन-चार वॅट बाहेर पडत. तेवढ्यावर बुधवारी रात्रीची ‘बिनाका गीतमाला’ अख्ख्या वाड्याला किंवा चाळीला ऐकू जात असे, आणि आवाज कमी पडतो अशी तक्रार कोणी केल्याचे स्मरत नाही. तक्रार असलीच तर ती परीक्षेला बसलेल्या मुलांची असे. परदेशातील दर्दी श्रोत्यांचा हिशेबही फारसा वेगळा नव्हता. विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याने १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला आणि पुढे जगभर नकलला गेलेला ॲम्प्लिफायर पंधरा वॅटचा होता. पीटर वॉकर यांच्या कारखान्यातून १९५३ मध्ये निघालेला ‘क्वाड टू’ हाही पंधरा वॅटचाच. शंभर वादकांचा वाद्यवृंद घरात ऐकण्यासाठी पंधरा वॅट पुरतात, असे त्या काळच्या जाणत्या लोकांचे मत होते, आणि माणसाचे कान त्यानंतर काही बहिरे झालेले नाहीत.

मग बदलले काय? बदलला तो स्पीकर. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विलचर यांनी हवाबंद पेटीचा लहान स्पीकर बाजारात आणला. तोपर्यंत खर्जाचे स्वर नीट ऐकायचे तर कपाटाएवढी पेटी लागे. विलचर यांच्या पेटीने तेच काम पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या जागेत केले. शोध खरोखरच मोठा होता. मात्र त्याची किंमत दुसऱ्या बाजूने चुकती करावी लागली. त्याच परंपरेतील अँटन हॉफमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने एक नियम ओळखला जातो. पेटी लहान असणे, खर्ज खोलवर जाणे आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज निघणे, या तीन गुणांपैकी कोणतेही दोनच एका वेळी मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते. आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतंत्र चलनविषयक धोरण या प्रसिद्ध त्रिकोणाची आठवण होईल. तेथेही तिन्ही कोन हाती धरता येत नाहीत. विलचर यांच्या पेटीने पहिले दोन गुण घेतले आणि तिसरा सोडला. त्याच्या उलट टोकाला पॉल क्लिप्श यांचा १९४६ चा भोंग्याचा स्पीकर होता. खोलीचा एक कोपरा तो गिळून टाकी. पण एका वॅटात शंभर डेसिबलहून अधिक आवाज देई.

तिसरा गुण सोडणे परवडले, कारण पुढच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि वॅट स्वस्त झाला. एखादी वस्तू स्वस्त झाली की तिची उधळपट्टी सुरू होते, हे आपल्याकडे निराळे सांगण्याची गरज नाही. पंपाला स्वस्त वीज मिळाली की विहिरीतील पाणी मोजून वापरण्याची बुद्धी कोणास होत नाही. स्पीकर बनवणाऱ्यांनी पेट्या लहान केल्या आणि संवेदनशीलता घटली तर घटू दिली. ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांनी ती तूट वॅटनी भरून काढली. ग्राहकाच्या हाती शेवटी आवाज तेवढाच आला, फक्त त्याच्या पेटीवरचा आकडा दसपट झाला. त्या आकड्यालाच प्रगती म्हणण्याची सवय आपल्याला लागली.

या आकड्याचा खरा अर्थ लावायचा तर डेसिबलचे गणित थोडे समजून घेतले पाहिजे. ते अवघड नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज तीन डेसिबलनी वाढतो. आणि तीन डेसिबल म्हणजे कानाला ‘किंचित मोठा’ वाटण्याइतका फरक. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्येच असे मांडले होते की, माणसाच्या संपत्तीत भर पडली असता त्याचे समाधान संपत्तीच्या प्रमाणात वाढत नाही, ते लॉगॅरिदमच्या हिशेबाने मंद मंद वाढते. घटत्या सीमांत उपयोगितेचे इतके स्वच्छ उदाहरण मला वर्गात देण्यासाठी दुसरे सापडलेले नाही. चाळीस वॅटऐवजी पन्नास वॅटचा संच घेतला तर फरक पडतो एका डेसिबलचा. तो बहुतेकांना ऐकूही येणार नाही. बिलात मात्र तो स्पष्ट दिसेल.

आता स्पीकरकडे वळू. त्याची संवेदनशीलता म्हणजे एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, तो आकडा. आजच्या घरगुती स्पीकरांत तो साधारणतः ८३ पासून ९३ पर्यंत असतो. मोठ्या कागदी शंकूचे किंवा भोंग्याचे स्पीकर त्याच्याही पुढे जातात. ८३ आणि ९० यांत फरक केवळ सातचा दिसतो, आणि येथेच ग्राहक फसतो. सात डेसिबल म्हणजे शक्तीची पाचपट. ८३ डेसिबलच्या स्पीकरला चाळीस वॅट दिल्यावर जो आवाज होईल, तोच ९० च्या स्पीकरला आठ वॅटांत आणि ९७ च्या स्पीकरला दीड वॅटाहून किंचित अधिक शक्तीत होईल. म्हणजे ॲम्प्लिफायरवर पाचपट वॅटसाठी जो पैसा खर्चायचा, तो स्पीकरच्या निवडीत नुसता आकडा पाहून वाचवता येतो. ध्वनीच्या बाबतीत स्पीकर हे मुळातच कमालीचे अकार्यक्षम यंत्र आहे. ९० डेसिबलचा स्पीकर मिळालेल्या शक्तीपैकी एक टक्कासुद्धा आवाजात रूपांतरित करीत नाही, बाकी सारी उष्णता होऊन जाते. ज्या टप्प्यावर नव्याण्णव टक्के गळती आहे, तेथे लक्ष न देता तोटी मोठी करीत बसणे हा काही शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

आपल्या घरांतील गरज प्रत्यक्षात किती? बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी बैठकीची खोली धरू. सदनिकांत याहून मोठी खोली थोड्यांनाच लाभते. श्रोता स्पीकरपासून आठ फुटांवर बसला आहे. अंतरामुळे आवाज सुमारे आठ डेसिबलनी घटतो, पण स्पीकर दोन असतात आणि भिंतीही आवाज परत फेकतात, त्यामुळे त्यातील निम्म्याची भरपाई होते. तेव्हा ९० डेसिबलचे दोन स्पीकर एकेका वॅटात श्रोत्याच्या कानाशी ८६ डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचवतात. शेजाऱ्यांशी संबंध टिकवून गाणे ऐकायचे तर सरासरी पातळी सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे जात नाही. तेवढ्यासाठी या स्पीकरांना वॅटचा पंचविसावा-तिसावा हिस्सा पुरतो. शिल्लक शक्ती लागते ती क्षणिक उसळीसाठी. तबल्यावर थाप पडते, तान तारसप्तकाला भिडते, तेव्हा आवाज सरासरीपेक्षा पंधरा-वीस डेसिबलनी वर जातो. त्या क्षणी एक-दोन वॅट, आवाज जरा मोठा ठेवला असेल तर चार-पाच वॅट लागतील. आठ वॅट असतील तर हात राखून काम झाले.

त्यातही ख्याल, ठुमरी, नाट्यगीत किंवा भावगीत ऐकणाऱ्याची गरज पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकणाऱ्यापेक्षा कमी असते. तानपुऱ्याची आस अखंड चालू असल्यामुळे आपल्या मैफलीत अगदी हळू आणि अगदी मोठा यांतील दरी तेवढी रुंद नसते. शक्तीची सर्वांत मोठी मागणी खालच्या खर्जाची असते, आणि अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत तो खर्ज मुळात उमटलेलाच नाही. ज्यांना आजच्या चित्रपटांतील स्फोट घरात अनुभवायचे आहेत किंवा लग्नाच्या मिरवणुकीतील भिंतीएवढ्या स्पीकरांची धडधड हवी आहे, त्यांच्यासाठी हा लेख नाही. त्यांनी खुशाल शेकड्यांनी वॅट घ्यावेत. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात हजारो श्रोत्यांसाठी लावलेल्या यंत्रणेचा आवाज मनात धरून बैठकीच्या खोलीसाठी खरेदी करणे, हेही वरातीच्या घोड्यावरून भाजी आणायला जाण्यासारखे आहे.

येथवरचा हिशेब सोपा होता. आता जो भाग येतो, तो विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही आणि नेमका व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो. हा भाग इंपीडन्सचा, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला जो अडथळा करतो त्याचा. स्पीकरच्या मागे ‘८ ओहम’ असे लिहिलेले असते. तो एक सरासरी ठोकताळा आहे. प्रत्यक्षात तोच स्पीकर एका स्वराला साडेतीन-चार ओहमपर्यंत उतरतो, तर दुसऱ्या स्वराला वीस-तीसपर्यंत चढतो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर या चढउतारांची फारशी पर्वा करीत नाही, कारण त्याचा स्वतःचा अंतर्गत अडथळा नगण्य असतो. कमी शक्तीच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा, विशेषतः ज्यात फीडबॅक वापरलेला नाही अशाचा, अंतर्गत अडथळा दोन-तीन ओहमही असू शकतो. दोन ओहम धरून गणित करून पाहा. स्पीकर जेथे चार ओहमवर उतरला, तेथे त्याच्या वाट्याला दाबाचे दोन तृतीयांश येतात. जेथे वीस ओहमवर चढला, तेथे दहा एकादशांश येतात. फरक पावणेतीन डेसिबलच्या घरात जातो. म्हणजे काही स्वर दाबले गेले आणि काही उठून आले. गायकाने जो तोल साधला होता, तो ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या परस्पर कुरबुरीत बिघडला. याला कोणी ‘व्हॉल्व्हचा मधुर आवाज’ म्हणतात. एखाद्या स्पीकरवर तो खरोखर मधुर लागतो, दुसऱ्यावर तो कोंदट लागतो. आणि दोन्ही वेळा ॲम्प्लिफायर तोच असतो.

संवेदनशीलतेच्या आकड्यातही याच अडथळ्यामुळे एक पळवाट शिरली आहे. आठ ओहमच्या स्पीकरला एक वॅट द्यायचा तर २.८३ व्होल्ट लागतात. त्यामुळे पुष्कळ कारखानदार ‘एक वॅट’ असे न म्हणता ‘२.८३ व्होल्ट’ असे म्हणून मोजणी करतात. चार ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट दिले तर तो दोन वॅट ओढतो. अशा स्पीकरच्या माहितीपत्रकात ९० लिहिलेले असले तरी खऱ्या एका वॅटावर तो ८७ चाच असतो. ट्रान्झिस्टरवाल्याला हे चालून जाते. ज्याच्याकडे आठच वॅट आहेत, त्याची मात्र निम्मी पुंजी या टिपेत बुडते.

आमच्या महाविद्यालयातील भाषा विभागाच्या एका सहकाऱ्यांच्या बाबतीत काय घडले, ते सांगण्यासारखे आहे. त्यांनी एका दुकानात एक छोटा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ऐकला आणि मल्लिकार्जुन मन्सूर समोर बसून गात आहेत असे त्यांना वाटले. दीड महिन्याचा पगार देऊन त्यांनी तो घेतला. दुकानात तो भोंग्याच्या प्रचंड स्पीकरांना जोडलेला होता. घरी सरांकडे होते फळीवरचे, चार ओहमचे, नाजूक बांध्याचे स्पीकर. आवाज हळू ठेवला तर निर्जीव आणि वाढवला तर तबल्याच्या प्रत्येक थापेला चिरका. ते पुन्हा दुकानात गेले, तेव्हा “साहेब, तुम्हाला याच्यावरचं मॉडेल लागेल,” असा सल्ला मिळाला. त्यात वॅट दुप्पट होते, म्हणजे तीन डेसिबल अधिक, आणि किंमतही जवळजवळ दुप्पट होती. स्पीकर कोणते आहेत, हा प्रश्न पहिल्या खेपेस कोणी विचारला नव्हता आणि दुसऱ्या खेपेसही नाही. शेवटी तो ॲम्प्लिफायर निम्म्या किमतीत अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने नेला. त्याच्याकडे आजोबांच्या वेळचे, मोठ्या कागदी शंकूचे भले थोरले स्पीकर होते. तेथे तो उत्तम चालतो, असे सर स्वतःच सांगतात.

कमी वॅटच्या बाजूने इतके लिहिल्यावर त्या पंथाच्या भक्तांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. जपानमध्ये आणि मागाहून युरोप-अमेरिकेत एकाच ट्रायोड व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरांचा जो संप्रदाय वाढला, त्याचे आराध्यदैवत म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा, १९३० च्या दशकातील ‘३००बी’ हा व्हॉल्व्ह. त्यातून आठ वॅटच्या आसपास शक्ती मिळते. त्याचे माधुर्य नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची जोडी काही वेळा एवढ्या किमतीला विकली जाते की, त्या किमतीत एखाद्या घरात संपूर्ण संच यावा. थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये ज्याला प्रदर्शनी उपभोग म्हटले, त्याचा अंश येथे निश्चितच आहे. श्रीमंतीचे प्रदर्शन पूर्वी जास्त वॅटने होई, आता कमी वॅटने होते. शिवाय आठ वॅट म्हणून जे सांगितले जातात, त्यांतील शेवटचे तीन-चार वॅट बऱ्याच वेळा चांगलीच विकृती घेऊन येतात. विकृती दुपटीच्या स्वराची असल्यामुळे कानाला ती खुपत नाही हे खरे, तथापि तिला शुद्धता म्हणणे हा शब्दांशी खेळ आहे. असा संच गाणे चालू असो वा नसो, भिंतीतून शंभर वॅटच्या पुढेमागे वीज सतत ओढतो आणि उन्हाळ्यात खोली तापवतो. कार्यक्षमतेच्या नावाने त्याची आरती ओवाळणाऱ्यांनी विजेचे मीटर एकदा पाहावे.

माझे स्वतःचे मत विचारले तर साध्या पगारदार घराने या अतिरेकी टोकाला जाऊ नये. ‘ईएल८४’ नावाच्या छोट्या आणि सहज मिळणाऱ्या व्हॉल्व्हच्या जोडीवर, दोघांनी आळीपाळीने जोर लावावा अशा रचनेत, दहा-बारा वॅट चोख मिळतात. माफक फीडबॅक असल्याने अंतर्गत अडथळा कमी राहतो आणि स्पीकरच्या लहरी सोसल्या जातात. त्याला ९० डेसिबलच्या वरचा, आठ ओहमचा आणि कोठेही सहा ओहमच्या फारसा खाली न उतरणारा स्पीकर मिळाला, की घर जिंकले. स्पीकर आधीच घरात असेल आणि तो ८४-८५ डेसिबलचा, चार ओहमचा असेल, तर व्हॉल्व्हचा नाद सोडून सरळ चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर घ्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही. अर्थात व्हॉल्व्ह झिजतात, काही हजार तासांनी बदलावे लागतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी ते आपल्याकडे बनवले. आता स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांवर जगाची भिस्त आहे, आणि २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू होताच रशियातील पुरवठा अडखळला. दुर्मीळ व्हॉल्व्हवर बेतलेला संच घेणाऱ्याने याचा विचार करावा. जपानमधून आलेले जुने संच शंभर व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टला ते थेट जोडले तर गाण्याऐवजी धूर निघेल. स्पीकर जोडल्यावाचून व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर चालू करू नये, त्याने आतील आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. आणि संच बंद केल्यावरही आत तीनशे-चारशे व्होल्ट काही काळ टिकून राहतात, तेव्हा झाकण उघडून कुतूहल शमवण्याचा मोह मुलांना आणि वडिलांनाही आवरता आला पाहिजे.

परंतु सगळा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसले, तर बाजारातून चांगला माल हळूहळू हाकलला जातो. ध्वनीच्या बाजारात हेच घडले. १९६० च्या दशकात अमेरिकेत जो तो आपल्या सोयीने वॅट मोजू लागला होता. अखेर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की, वॅटचा दावा करायचा तर तो अखंड चालणाऱ्या शक्तीचा असावा, आणि किती ओहमला, कोणत्या स्वरमर्यादेत, किती विकृतीसह हे सांगावे. २०२४ मध्ये तो नियम आणखी आवळण्यात आला. आठ ओहमचा भार, वीसपासून वीस हजार कंपनांपर्यंतची मर्यादा आणि एक टक्क्याहून कमी विकृती, असे माप ठरले. या मापाने मोजले तर ट्रायोडपंथीयांचे आठ वॅटही थोडे आक्रसतील, आणि ते योग्यच होईल.

आपल्याकडे याच काळात काय झाले? ‘पीएमपीओ’ ही चार अक्षरे आली. ज्या पेटीच्या पाठीवर वीज चाळीस वॅट लागते असे बारीक अक्षरांत लिहिलेले, तिच्याच पुढे हजार वॅटचा दावा सोनेरी अक्षरांत झळकू लागला. चाळीस घालून हजार काढण्याची ही विद्या आमच्या अर्थखात्याला अवगत झाली असती तर तुटीचा अर्थसंकल्प इतिहासजमा झाला असता. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ मध्ये झाला, दुसरा २०१९ मध्ये. आणि २०२० पासून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची दखल घेण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही अस्तित्वात आले आहे. पेटीवरील खोटा वॅट ही दिशाभूल नव्हे तर दुसरे काय? गाणे ऐकणे ही चैन आहे, तेव्हा तिच्यासाठी प्राधिकरणाचा वेळ का दवडावा, असा आक्षेप येईल. पण त्या चैनीसाठी जाणारे पैसे शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या वर्षभराच्या बचतीतून येतात, आणि फसवणुकीचा गुन्हा वस्तू चैनीची आहे म्हणून सौम्य होत नाही.

मागणी फार मोठी नाही. ॲम्प्लिफायरच्या पेटीवर अखंड शक्ती किती, ती किती विकृतीला मोजली आणि अंतर्गत अडथळा किती, हे तीन आकडे छापावेत. स्पीकरवर खऱ्या एका वॅटाला मोजलेली संवेदनशीलता छापावी आणि इंपीडन्सची सरासरी न देता त्याची नीचांकी पातळी द्यावी. एवढे आकडे छापण्यास जागा नाही, असे म्हणण्याची सोय निदान स्पीकरवाल्यांना तरी नाही. त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात लहान मूल उभे राहते.